तंबूची पिशवी घट्ट नको, मोठी हवी

डोंगरात मुक्कामाला निघालेल्या मंडळींना तंबूच्या पिशवीबद्दल तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. पिशवी जितकी लहान तितकी चांगली. ती जलरोधक असावी, शक्यतो तोंड गुंडाळून बंद करायची ड्राय बॅग. आणि तंबू नीट घडी घालून, पोलभोवती आवळून, दुकानातून आला तसाच परत आत गेला पाहिजे. साहित्य विकणारे हे सांगतात, भाड्याने देणारे सांगतात, ट्रेक नेणारे म्होरके आपल्या सूचनांमध्ये लिहितात. तिन्ही सल्ल्यांमागचा हेतू चांगला आहे. पण पाटण तालुक्याच्या हवेत, कोयनेच्या खोऱ्यात आणि तिथून खाली शिराळा-चांदोलीपर्यंतच्या डोंगरात हे तिन्ही सल्ले चुकीचे ठरतात. त्यांच्यापायी चांगले तंबू दोन-तीन हंगामांतच चिकट, कुबट आणि गळके होतात.

समोरच्या बाजूचं म्हणणं आधी पूर्ण ऐकायला हवं, कारण ते पोकळ नाही. पावसात इनर, म्हणजे तंबूची आतली खोली, भिजला तर रात्र कुडकुडत काढावी लागते, म्हणून पिशवीत पाणी शिरता कामा नये. पन्नास-साठ लिटरच्या सॅकमध्ये तंबू, स्लीपिंग बॅग, शिधा, भांडी आणि पाणी एवढं सगळं बसवायचं असतं, म्हणून तंबूने कमी जागा घ्यावी. कराडहून पाटण-कोयनानगरकडे जाणारी एसटी भरलेली असते, तिथे सुटं सामान सांभाळणं जिकिरीचं. आणि पहाटेच्या अंधारात आवराआवर करताना सगळे भाग एकाच पिशवीत असले की काही मागे राहत नाही. या चारही काळज्या खऱ्या आहेत. फक्त त्यांवर सुचवलेला उपाय त्या दूर करत नाही, उलट त्यांतल्या दोन वाढवतो.

सुरुवात पावसापासून करू. पावसाळ्यात रोज सकाळी साताऱ्याच्या वृत्तपत्रांत कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणांचा पाऊस शेजारी शेजारी छापून येतो, आणि कोयना धरण कधी भरेल हे लोक त्यावरून ताडतात. चांगल्या वर्षी नवजाचा हंगामी आकडा पाच हजार मिलिमीटर ओलांडतो. सातारा, सांगली आणि रत्नागिरीच्या हद्दी जिथे भेटतात तिथलं पाथरपुंजही पावसाच्या बाबतीत त्याच तोलाचं. जुलै-ऑगस्टमध्ये या पट्ट्यात हवा इतकी ओलसर असते की दोरीवर टाकलेला कपडा दिवसचे दिवस वाळत नाही. घरोघरी चुलीच्या वर दोरी बांधून कपडे सुकवावे लागतात. अशा हवेत सकाळी काढलेला तंबू ओलाच असणार. तो कोरडा करून मग पिशवीत भरा, असं सांगणाऱ्याने तो नेमका कुठे वाळवायचा तेही सांगितलं पाहिजे.

पावसाळ्यात तंबू घेऊन कोण जातं, असा प्रश्न यावर येतो. रास्त आहे. बहुतेक मुक्काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातले असतात. पण तेव्हाही तंबू ओलाच असतो, आणि ही गोष्ट पिशवीचा सल्ला देणारे जवळजवळ कधीच विचारात घेत नाहीत. बावीस अंश सेल्सिअसची हवा एका घनमीटरमागे सुमारे एकोणीस ग्रॅम वाफ धरू शकते. तीच बारा अंशांवर उतरली की अकरा ग्रॅमही धरू शकत नाही. संध्याकाळची हवा दमट असेल तर उरलेलं पाणी कुठे तरी बसतंच. उघड्या सड्यावर, शिवसागर जलाशयाच्या काठाला किंवा कापणी झालेल्या भातखाचरात ते सगळ्यात आधी तंबूच्या आवरणावर बसतं, कारण मोकळ्या आकाशाखाली ते पातळ कापड भोवतालच्या हवेपेक्षाही थंड झालेलं असतं. हे झालं बाहेरून. आत झोपलेल्या एकेका माणसाच्या श्वासातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं, त्यातला मोठा वाटा फ्लायच्या, म्हणजे बाहेरच्या आवरणाच्या, आतल्या बाजूला जमतो. दाराच्या जाळ्या बंद करून झोपलेल्या दोघांचा तंबू नोव्हेंबरातल्या निरभ्र सकाळी हात लावताच टपकतो, तो यामुळे.

किती पाणी असतं ते मोजता येतं. दोन माणसांच्या तंबूचं बाहेरचं आवरण साधारण दहा चौरस मीटरचं धरू. त्यावर पाण्याचा थर फक्त ०.०५ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या पानाच्या निम्म्या जाडीचा असला, तरी ते पाणी अर्धा लिटर भरतं. पाठीवर अर्धा किलो वाढलं हा त्यातला लहान भाग. मोठा भाग असा की सकाळी आवरताना माणूस ते अर्धा लिटर पाणी स्वतःच्या हाताने पिशवीत भरत असतो.

ड्राय बॅगचा सगळा युक्तिवाद इथेच कोसळतो. या पिशवीचं कापड बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही हे खरं, पण आतलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. ओला फ्लाय आणि कोरडा इनर एकत्र गुंडाळून तिच्यात घातले, तोंड तीनदा दुमडून बकल लावलं, की संध्याकाळपर्यंत इनरही फ्लायइतकाच ओला होतो. दाबाखाली चिकटलेल्या दोन कापडांमध्ये पाणी सारखं वाटलं जायला चार-सहा तास पुरतात. ज्या ओल्या इनरची भीती दाखवून ही पिशवी विकली जाते, तो ओला इनर तीच तयार करते.

इनर कोरडा ठेवायचा तर त्याला फ्लायपासून वेगळं करावं लागतं, दुसरा मार्ग नाही. फ्लाय आधी सोडून झटकायचा, पंचाने पुसायचा, पंचा पिळून पुन्हा पुसायचा. दोन-तीनदा पुसल्यावर अर्ध्याहून अधिक पाणी निघून जातं, आणि या कामासाठी सुती पंचासारखं हलकं आणि लवकर पिळलं जाणारं दुसरं साधन नाही. मग फ्लाय त्याच्या स्वतंत्र पिशवीत, आणि ती पिशवी सॅकच्या बाहेर किंवा वरच्या झाकणाखाली. इनर सॅकच्या आत. पावसापासून इनरचं रक्षण करायचं काम पिशवीचं नसून सॅकच्या आतल्या मोठ्या प्लास्टिक अस्तराचं आहे. जाड प्लास्टिकची एक मोठी पिशवी सॅकमध्ये अस्तरासारखी पसरली की कपडे, स्लीपिंग बॅग आणि इनर तिघांनाही एकदम कोरडं ठेवते. प्रत्येक वस्तूला वेगळी जलरोधक पिशवी हा तोच खर्च चार वेळा करण्याचा प्रकार आहे.

काही तंबू असे असतात की त्यांची आतली खोली बाहेरच्या आवरणाला जोडलेलीच असते आणि दोन्ही एकदम उभे राहतात. बो हिलबर्ग यांनी १९७१ मध्ये स्वीडनमध्ये सुरू केलेल्या हिलबर्ग कंपनीचे तंबू या रचनेसाठी ओळखले जातात. पावसात तंबू उभारताना इनर भिजत नाही हा त्यांचा मोठा गुण, आणि तो आपल्याकडे फार कामाचा आहे. पण आवरताना दोन्ही कापडं एकत्रच पिशवीत जातात. असा तंबू असेल आणि सलग दोन रात्री मुक्काम असेल तर इनरच्या कड्या सोडवण्याची पाच मिनिटं द्यायलाच हवीत. उलट आपल्या बाजारात जास्त खपणाऱ्या तंबूंमध्ये आधी इनर उभारावा लागतो, मग त्यावर फ्लाय चढतो. भर पावसात तो उभारताना इनर भिजला तर जगातली कुठलीच पिशवी त्याला वाचवू शकत नाही, आणि पिशवीच्या जाहिरातीने तसा भरवसा देऊ नये.

आता कापडाकडे वळू, कारण खरं नुकसान तिथे होतं आणि ते डोळ्यांना उशिरा दिसतं. तंबूचं कापड नायलॉनचं असतं किंवा पॉलिएस्टरचं. नेहमीच्या आर्द्रतेत नायलॉन स्वतःच्या वजनाच्या सुमारे चार टक्के पाणी धाग्यात शोषतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही शोषत नाही. म्हणून संध्याकाळी ताणून बांधलेला नायलॉनचा फ्लाय मध्यरात्री सैल पडलेला आढळतो. पाणी आत झिरपू नये म्हणून या कापडाला पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो, आणि पाणी हाच त्या थराचा शत्रू आहे. ओल आणि ऊब दोन्ही दीर्घकाळ मिळाली की त्या थरातले रासायनिक बंध तुटू लागतात. आधी आंबूस, ओकारीसारखा वास येतो, मग कापड बोटांना चिकटतं, शेवटी थर पापुद्र्यांसारखा सुटतो. स्वस्त तंबूंच्या तळाच्या कापडावर आणि शिवणींच्या पट्ट्यांवर हे सगळ्यात आधी दिसतं. बुरशी तर त्याहून कितीतरी लवकर येते; उबदार जागी बांधून ठेवलेल्या ओल्या तंबूवर दोन-तीन दिवसांत काळे ठिपके उमटू लागतात, आणि एकदा उमटले की ते धुऊन पूर्णपणे जात नाहीत.

एका रात्रीच्या ओलीने पॉलियुरेथेन मरत नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर वाद खोटा होईल. रविवारी संध्याकाळी पुण्याला किंवा सांगलीला परतलेला माणूस तंबूची पिशवी माळ्यावर टाकतो आणि ती थेट पुढच्या महिन्यात उघडतो. थर मरतो तो त्या महिन्यात. ड्राय बॅग असेल तर आतलं पाणी महिनाभर तिथेच राहतं. साध्या कापडाची पिशवी असेल तर निदान काही ओल बाहेर पडते. आणि बाहेरून घट्ट, स्वच्छ, कोरडी दिसणारी ड्राय बॅग आत काय चाललंय याची शंकाच येऊ देत नाही, म्हणून ती उघडायची घाई कुणाला वाटत नाही.

मोरणा, वांग आणि कोयनेच्या काठच्या भातशेतकऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही. ओलसर भात तो प्लास्टिकच्या गोणीत भरून तोंड शिवून ठेवत नाही. खळ्यावर पसरतो, ऊन देतो, हाताने चाचपतो, मगच पोती भरतो, कारण कोंडलेल्या ओलीने काय होतं ते त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तंबूच्या बाबतीत मात्र शिकलीसवरलेली माणसं नेमकं उलट करतात आणि त्याला खबरदारी म्हणतात.

आता लहान पिशवीचा सल्ला. तंबूसोबत येणाऱ्या पिशव्या साधारण सोळा सेंटिमीटर व्यासाच्या आणि पंचेचाळीस सेंटिमीटर लांबीच्या धरल्या तर त्यांत नऊ लिटर जागा असते. कारखान्यात कोरडा, नवा, सराईत हातांनी गुंडाळलेला तंबू त्यात बसतो. डोंगरावर गार बोटांनी, ओला आणि चिखल लागलेला तोच तंबू बसत नाही. मग गुडघा टेकवून दाबणं, शिवण ताणणं, नाडी ओढून तोडणं हे सगळं सुरू होतं. पट्ट्यांनी आवळायची कॉम्प्रेशन सॅक असेल तर जोर आणखी वाढतो, आणि तो जोर फ्लायच्या त्याच त्या घडीवर, जाळीच्या त्याच त्या दुमडीवर, झिपच्या त्याच दातांवर पडत राहतो. स्लीपिंग बॅगमधला कापूस किंवा पिसं दाबली तर हवा निघते आणि आकार खरोखर कमी होतो. तंबूच्या पातळ कापडात मुळात हवा फारशी नसतेच. त्याला आवळून मिळणारी जागा थोडी, पडणारा ताण जास्त.

व्यास सोळावरून वीस सेंटिमीटर केला की तीच पिशवी चौदा लिटरची होते. पाच लिटर जास्त जागेसाठी कापड लागतं सुमारे सात शतांश चौरस मीटर, म्हणजे मध्यम जाडीच्या नायलॉनचे जेमतेम पाच ग्रॅम. पाठीवर पाच ग्रॅम वाढू नयेत म्हणून सकाळी वीस मिनिटं झगडायचं आणि तंबूचं आयुष्य कमी करायचं, हा व्यवहार कुणालाही परवडणारा नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं की पिशवी मोठी झाली तर सॅकमध्ये जागा उरणार नाही. हे उत्तर कागदावर बरोबर वाटतं, सॅकमध्ये नाही. लाकडाच्या ओंडक्यासारखी टणक, गोल पिशवी चौकोनी जागेत ठेवली की चार कोपऱ्यांत मिळून एकवीस टक्के जागा वाया जाते. हे साधं भूमितीचं गणित आहे. मोठ्या, सैल पिशवीतला तंबू मात्र भांड्याच्या बाजूला, स्लीपिंग बॅगच्या वर, जिथे पोकळी असेल तिथे दबून बसतो. तोच तंबू, तितकंच कापड. सॅकची भरणी मात्र सैल पिशवीने जास्त चांगली होते.

लहानातली लहान पिशवी आणि हलक्यातला हलका तंबू ही ओढ आपल्याकडे आली ती अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या पायवाटांवरून. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल सुमारे ४,२६५ किलोमीटरची आहे. ती चालणारा माणूस महिनोन्‌महिने सामान पाठीवर वाहतो, त्याला ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब करावाच लागतो. रे जार्डिन यांनी १९९२ मध्ये त्या वाटेवरच्या प्रवाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकाने हलक्या सामानाच्या विचाराला मोठी चालना दिली. पण ती वाट मोहव्हेच्या वाळवंटाच्या कडेने आणि सिएरा नेव्हाडाच्या कोरड्या उन्हाळ्यातून जाते. तिथे सकाळचा ओला तंबू दुपारी जेवायला थांबल्यावर खडकावर पसरला की अर्ध्या तासात वाळतो. ओझर्डे धबधब्याच्या वाटेवर ऑगस्टमध्ये तसं करून पाहणाऱ्याचा तंबू आणखी ओला होईल. शिवाय हलकं सामान वाहणाऱ्या त्या मंडळींपैकी अनेक जण तंबूला पिशवीच वापरत नाहीत; सॅकच्या अस्तरात तो सरळ मोकळा कोंबतात. म्हणजे ज्यांच्या नावाने घट्ट आवळलेली पिशवी इथे सांगितली जाते, ते स्वतः ती वापरत नाहीत.

इथल्या चालीचं अंतरही वेगळं आहे. कोयना अभयारण्य १९८५ चं, चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ चं, आणि दोन्ही मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेलं त्याचं क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर. या जंगलात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही आणि येऊही नये. वासोटा किल्ल्याला बामणोलीहून परवानगी घेऊन, बोटीने जाऊन त्याच दिवशी परतावं लागतं. तंबूचा मुक्काम होतो तो जंगलाच्या कडेला, गावाजवळ, शेतमालकाला विचारून खाचरात किंवा पवनचक्क्यांच्या सड्यांवर. सडावाघापूर असो वा दातेगडाचा परिसर, तंबू गाडीच्या रस्त्यापासून तास-दोन तासांच्या चालीवरच लागतो. इतक्या अंतरासाठी चार-पाच ग्रॅमचा हव्यास धरण्यात काहीच अर्थ नाही. खरी कसोटी आहे ती तंबू ओला असताना आवरण्याची आणि घरी नेऊन वाळवण्याची.

तिसरा सल्ला घडीचा. इथे समोरच्या बाजूचा मुद्दा निम्मा मान्य करायला हवा. गुंडाळताना तंबू पसरला जातो, त्यामुळे चिकटलेला चिखल, फाटलेली जाळी, आत राहिलेली बॅटरी नजरेस पडते. भाड्याचे वीस तंबू सांभाळणाऱ्या माणसासाठी तो मोठा फायदा आहे. झटक्यात उघडणारे, आतून कमानीच जोडलेले तंबू कोंबता येतच नाहीत. त्यांना त्यांची चपटी गोल पिशवीच लागते. जाड सुती राहुटीचीही घडीच घालावी.

बाकी सगळ्यांसाठी कोंबणं चांगलं. गुंडाळायला तंबू जमिनीवर अंथरावा लागतो, आणि जांभ्याच्या सड्यावरची जमीन म्हणजे लाल चिखल आणि कानशीसारखे खडे. त्यावर कापड पसरून, गुडघ्यांनी हवा काढत पुढे सरकणं म्हणजे खडे थेट थरावर घासणं. वर पावसाळ्यात जळवाही घडीत गुंडाळल्या जातात. कोंबायला जमीन लागत नाही. उभ्या माणसाच्या हातात पिशवी, दुसऱ्याच्या हातात फ्लायचं एक टोक. मूठ-मूठ करून तळापासून भरत जायचं, हवा निघावी म्हणून तंबूचं दार किंचित उघडं ठेवायचं. पाऊस चालू असेल तर हे काम झाडाखाली, देवळाच्या ओसरीत, अगदी एसटीच्या शेडमध्येही होतं. आणि दर वेळी घड्या वेगळ्या जागी पडतात, म्हणून एकाच रेघेवर थर तडकत नाही. नीटनेटकेपणा दिसायला छान असला तरी कापडाला त्याचा काही उपयोग नाही.

पोल आणि पेग कापडाच्या पिशवीत नकोतच. पोलच्या तुकड्यांची लांबी पिशवीची लांबी ठरवते, म्हणून ते बाहेर काढले की पिशवीला कसाही आकार घेता येतो. फायबरग्लासचा पोल तडकला की त्याच्या कुसा निघतात आणि त्या जाळीत अडकून भोकं पाडतात. पेगची टोकं तर उघड धोक्याची. पोल सॅकच्या बाजूला उभे, पट्ट्यांत अडकवलेले. पेग जाड कापडाच्या छोट्या थैलीत. यावर वाद व्हावा असं काही नाही.

कापडाच्या निवडीत मात्र आपल्या डोंगराचं ऐकलं पाहिजे, परदेशी यादीचं नव्हे. ओल्या फ्लायसाठी जाळीची पिशवी सुचवली जाते, कारण तिच्यातून पाणी निथळतं. पाटणच्या रानात सॅकच्या बाहेर अडकवलेली जाळी पहिल्याच करवंदीच्या जाळीत फाटते, आणि तिच्यामागून फ्लायही. पंधरा-वीस डिनायरचं (डिनायर हे धाग्याच्या जाडीचं माप) पारदर्शक, रेशमी कापडही तसंच निरुपयोगी. ते सॅकच्या आत ठीक, बाहेर नाही. बाहेर राहणाऱ्या फ्लायच्या पिशवीला सत्तर डिनायरच्या आसपासचं, विणीत जाड धाग्यांची चौकट असलेलं साधं नायलॉन हवं. जलरोधक थर नसला तरी चालेल, किंबहुना नसलेलाच बरा. तळाला दोन काजे ठेवली की साचलेलं पाणी तिथून निथळतं.

अशी पिशवी दुकानात मिळाली नाही तर शिवून घेता येते. कराड, पाटण, सांगली, मिरजेत बॅगा आणि छत्र्या दुरुस्त करणाऱ्यांकडे छत्रीचं कापड किंवा बॅगेच्या अस्तराचं नायलॉन असतं. वीस सेंटिमीटर व्यासाची पिशवी हवी तर परीघ त्रेसष्ट सेंटिमीटर. शिवणीसाठी तीन धरून सहासष्ट सेंटिमीटर रुंद आणि नाडीच्या दुमडीसह बावन्न सेंटिमीटर लांब तुकडा, शिवाय तेवीस सेंटिमीटरचं गोल बूड. नाडीला प्लास्टिकचा खटका लावला की गाठ मारावी लागत नाही. ओल्या नाडीची गाठ गार बोटांना सुटत नाही. बुडाला बाहेरून एक फीत शिवावी, म्हणजे पिशवी उलटी धरून तंबू झटकन ओतता येतो. फ्लायची आणि इनरची पिशवी वेगवेगळ्या रंगांची असली की अंधारात घोळ होत नाही.

घरी पोचल्यावर या दोन्ही पिशव्यांचं काम संपतं. तंबू गॅलरीत, जिन्याच्या कठड्यावर, पंख्याखाली, जिथे जमेल तिथे दोन दिवस टांगायचा, शिवणी आणि कोपरे हाताने चाचपायचे, मग मांजरपाटाच्या मोठ्या पिशवीत सैल भरून कपाटात ठेवायचा. उशीच्या जुन्या अभ्र्यानेही हे काम होतं. गॅलरी नसलेल्या दोन खोल्यांच्या घरात हे त्रासाचं आहे, हे मान्यच. पण दरवाज्यावर फ्लाय आणि खिडकीच्या गजांना इनर अडकवायला जागा लागते ती एवढीच.

राहता राहिला हरवण्याचा आक्षेप. दोन पिशव्या, पोल वेगळे, पेग वेगळे, मग काहीतरी मागे राहणार. राहतं, जर मोजलं नाही तर. पण एकाच पिशवीतही पेग मोजले नाहीत तर ते गवतात राहतातच. पिशवी एक असल्याने आठाचे सात झालेले कळत नाहीत, कारण ते गुंडाळ्याच्या आत असतात. पेगच्या थैलीवर आकडा लिहिला आणि पोलच्या जोडीला रंगीत दोरा बांधला की ही अडचण संपते. तंबूच्या जागेभोवती निघण्यापूर्वी एक फेरी मारावीच लागते, पिशवी कोणतीही असो.

या सगळ्यात सर्वाधिक बदल ज्यांच्या हाती आहे ते म्हणजे तंबू भाड्याने देणारे आणि ट्रेक नेणाऱ्या संस्था. तंबू परत घेताना तिथे आजही पिशवी पाहिली जाते: नीट गुंडाळलेला, घट्ट बांधलेला तंबू आला की अनामत परत. या नियमामुळे रविवारी रात्री ओला तंबू जबरदस्तीने लहान पिशवीत कोंडला जातो आणि शुक्रवारी पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाती तसाच दिला जातो. नियम उलटा हवा. तंबू उघडा, सैल, मोठ्या पिशवीत परत यावा. घेणाऱ्याने तो समोरच टांगावा, पेग मोजावेत, शिवणींना हात लावून पाहावा, आणि अनामत त्यावर ठरवावी. भाड्याच्या पावतीवर फ्लाय आणि इनर वेगळे भरण्याची सूचना छापावी. नव्या तंबूंची खरेदी करणाऱ्या संस्थांनी विक्रेत्याकडे मोठ्या पिशवीची मागणी करावी, आणि ती मिळेपर्यंत गावातल्या शिंप्याकडून पिशव्या शिवून घ्याव्यात. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कोयनेच्या खोऱ्यात मुक्कामाच्या तुकड्या निघू लागतात. त्याआधी सप्टेंबरात माळ्यावरचे सगळे तंबू उघडून, वाळवून, या पिशव्यांत भरून तयार ठेवता येतील.